कोरा रकाना

परीक्षा कोल्हापुरात, मार्चच्या बावीस तारखेला.
फी भरून झाली. डेटाबेस डिझाइन, पहिली पातळी.
आता सोसायटीच्या टेबलावर तीन गोष्टी आहेत
आणि विजयदुर्गात दुपारची साडेतीनची सुस्ती.

एक जाड पुस्तक, कणकवलीहून, निम्म्या किमतीत.
आधीच्या मालकाने पहिली चाळीस पानं
पिवळीधमक करून टाकलीत,
पुढे एकही रेघ नाही.
परीक्षा दिली की नाही, देव जाणे.

इरफान होडेकरने फोनवर पाठवलेले
सहाशे प्रश्न, उत्तरांसकट.
म्हणाला, पाठ कर, मला निम्मे ह्यातलेच आले.
त्याला पुण्यात नोकरी लागली,
गिर्यातल्या घरावर नवे पत्रे चढले.
त्याला हसण्याइतकी मी श्रीमंत नाही.

आणि पाटकर मॅडमच्या नोट्स,
झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स:
बाण कुठून निघतो ते दिसतं,
कुठे पोचतो ते नाही.

आत्या बांगडा घेताना खवल्यांची चमक बघत नाही,
कल्ला उघडते.
मीही तिघांचा कल्ला एकाच जागी उघडला:
रिकाम्या रकान्याबद्दल
कोण काय म्हणतं?

कारण दोन वर्षांपूर्वी, वादळाच्या त्या आठवड्यात,
ऑफिसात सॉफ्टवेअर नवंकोरं होतं.
नौका, तांडेल, निघाली कधी, परतली कधी,
मासळी किती किलो.
सोळा परतल्या. जलदेवी नाही.
जलदेवी नावाच्या आमच्याकडे तीन,
म्हणून नंबरच खरा: सत्तावन्न.
संध्याकाळी हिशेब बंद करायला गेले तर
स्क्रीन म्हणाली, हा रकाना सक्तीचा आहे.
पुन्हा दाबलं. सक्तीचा आहे.
मी परतल्याच्या वेळेत घड्याळात दिसली ती वेळ टाकली,
मासळीत शून्य,
आणि पान सरकलं.

सकाळी फळ्यावर यादी लागली.
सुलभा कुबल आली. ओरडली नाही.
त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली,
'शून्य कशाक लिवलंस गो?
शून्य म्हंजे इलो, आणि रिकामो इलो.
माजो घोव अजून येवचो आसा.'

कागदावर मी पेनाने खोडलं.
मशीनमध्ये खोडायची परवानगी
माझ्या पासवर्डला नव्हती.

तर मॅडमच्या नोट्समध्ये त्या जागी
झेरॉक्सची काळी पट्टी आहे.
इरफानकडे तो प्रश्न एकशे बारावा, उत्तर क.
क का, ते नाही.
जाड पुस्तकात अकराव्या प्रकरणात,
कोऱ्या पानांच्या प्रदेशात, कोरड्या इंग्रजीत लिहिलंय
की नल म्हणजे शून्य नव्हे,
नल म्हणजे माहीत नाही,
आणि माहीत नसलेल्या दोन गोष्टी
एकमेकींसारख्या आहेत असंही समजू नये.

हे कुणी लिहिलं असेल? त्याच्या गावाला बंदर असेल?
नसेलही. त्याला ते नुसतंच ठाऊक असेल.

पुस्तक ठेवलं.
पिवळी पानं सोडून अकराव्यापासून सुरुवात केली,
हे बरोबर नाही, मला कळतं,
पाया आधी घालतात.
सहाशे प्रश्न पुसलेले नाहीत,
शेवटच्या आठवड्यात बघेन, खोटं कशाला बोलू.
नोट्स आत्या पेडवे बांधायला मागतेय.
अजून दिल्या नाहीत.

सुलभा हल्ली जेटीवर बर्फ विकते.
काल पुस्तकाची जाडी बघून म्हणाली,
'पास झालंस तर तां बदलतलंस?'
मी म्हटलं, बघूया.
परीक्षेत तसा प्रश्न नसतो.

सत्तावन्न नंबर मशीनमध्ये अजून परतलेली आहे,
संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी,
शून्य किलो.